खाली काय हाय रं?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण नेहमीचंच, थोडं काम आणि बराचसा आळस. पण गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला आणि तिचा एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. तिला उत्तर देण्याआधी आपल्याला तरी ते नीट कळलंय का, हे तपासायला लिहायला बसलो. लांबलंय जरा. चहा घेऊन बसा.

आत्या राहते लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या जवळ. धाराशिव जिल्ह्याचा (माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं) हा पूर्वेकडचा कोपरा. तिथून जवळच लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. किल्लारी म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, ना आमच्या घरात, ना बाहेर.

तर आत्याचा फोन. रात्री पुन्हा जमिनीतून आवाज आला होता. फडताळातली भांडी वाजली, कुत्री भुंकायला लागली आणि अख्खी गल्ली अंगणात. सकाळपर्यंत कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला मजकूर सगळ्या गावात फिरला होता की खाली ज्वालामुखी तयार होतोय, सरकार लपवतंय. आत्या म्हणाली, "लोकं म्हणायलेत खाली ज्वालामुखी हाय म्हणून. तुझा तो दोस्त दगडाचा मास्तर हाय न्हवं? त्याला इचार की, खाली नेमकं काय हाय रं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. आत्याला हसता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना तिच्या घराचं माळवद खाली आलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आत्या, मामा आणि मोठा मुलगा बाहेर काढले गेले. धाकटी राहिली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. आम्ही तेव्हा तुळजापूरला होतो, मी सहावीत. आमच्याकडे नुसती खाट हलली. सकाळी अण्णा मिळेल त्या गाडीने तिकडे गेले आणि चार दिवसांनी परत आले. त्या चार दिवसांबद्दल ते आजवर एक अक्षर बोललेले नाहीत.

तेव्हापासून आत्या पक्क्या छताखाली झोपत नाही. पुनर्वसनात घर मिळालं, ते चांगलं आहे, पण तिची खाट त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तीस वर्षं उलटून गेली.

म्हणून तिचा प्रश्न नीट घ्यायचा ठरवलं. खाली काय आहे?

पहिली गोष्ट म्हणजे खाली जाऊन बघता येत नाही. माणसाने चंद्रावर पाय ठेवला, पण पायाखाली त्याची मजल फार नाही. रशियात कोला द्वीपकल्पावर १९७० पासून भोक पाडत होते, १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गेले आणि थांबले. आपण ज्यावर राहतो ते भूकवच खंडांखाली साधारण ३५-४० किलोमीटर जाड असतं. त्याखाली प्रावरण. भूकवच आणि प्रावरणाचा वरचा घट्ट भाग मिळून शिलावरण होतं. कोलाचं भोक या पहिल्या सालीतसुद्धा अर्ध्यापर्यंत पोचलं नाही.

पण आपण खाली जाऊ शकत नसलो तरी खालचा दगड कधी कधी आपणहून वर येतो. हे मला मुरूडला कळलं. वर ज्याचा उल्लेख आला तो माझा 'दगडाचा मास्तर' मित्र कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर मुरूड-जंजिऱ्याला गेलो होतो. मी गेलो होतो मासे खायला, तो गेला होता डाइक बघायला. डाइक म्हणजे जुन्या भेगेत शिलारस घुसून गोठला की तयार होणारी काळ्या दगडाची भिंत. ओहोटीला एका काळ्या पट्ट्यापाशी तो उकिडवा बसला आणि मला खाली ओढलं. काळ्या दगडात लिंबाएवढी एक गाठ होती, हिरवट, दाणेदार, काही जागी झिजून मातकट झालेली. फरशीच्या कामात भलताच तुकडा बसवावा तशी.

"हा इथला नाही," मित्र म्हणाला. "हा पाव्हणा आहे."

शास्त्रात त्याला झेनोलिथ म्हणतात, ग्रीक भाषेत परका दगड. मला मित्राचा पाव्हणाच आवडला. शिलारस खोलातून वर येताना वाटेतल्या खडकाचे तुकडे मोडून बरोबर आणतो. ते वितळायच्या आत शिलारस गोठला की तुकडा आत तसाच राहतो. प्रावरणातला दगड (पेरिडोटाइट) शिलारसापेक्षा जड असतो. त्यामुळे शिलारस रमतगमत आला तर दगड वाटेतच तळाला बसणार. दगड वरपर्यंत पोचला याचा अर्थ शिलारस काही तासांत, फार तर काही दिवसांत धावत वर आला. मधल्या स्टॉपवर न थांबणारी विनावाहक एसटी, असं समजा. :)

आणि पाव्हणा कुठल्या गावचा हे जसं त्याच्या बोलण्यावरून कळतं, तसं या दगडाचं गाव त्याच्यातल्या खनिजांवरून कळतं. हिरवे दाणे ऑलिव्हीनचे. त्यांच्याबरोबर स्पिनेल नावाचं गडद खनिज असेल तर दगड साधारण ६०-७० किलोमीटरच्या आतला. स्पिनेलच्या जागी गार्नेट असेल तर त्याहून खोलचा. हिरा असेल तर दीडशे किलोमीटरच्या आसपासचा किंवा आणखी खोलचा. आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात वज्रकरूरला असे हिरे घेऊन येणारे जुने किंबरलाइट आहेत, म्हणजे ते वर आले तेव्हा तिथलं शिलावरण चांगलं जाडजूड आणि थंड होतं. शेजारशेजारच्या खनिजांची रासायनिक घडण मोजली की तो दगड किती तापमानात राहत होता तेही काढता येतं. एवढ्याशा गाठीत एवढी माहिती!

मुरूड-जंजिऱ्याच्या पाव्हण्यांवर गोवा विद्यापीठाचे ए. जी. देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून लिहिलंय. तिथे भूकवचाच्या तळाचे ग्रॅन्युलाइट आणि पायरॉक्सिनाइट मिळाले, त्याखालच्या प्रावरणातले स्पिनेलवाले दगडही मिळाले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे ज्वालामुखी शेवटाकडे आले होते तेव्हा, कोकण किनाऱ्याखालचं शिलावरण तापलेलं आणि ताणलेलं होतं. कच्छमध्ये भुजजवळच्या टेकड्यांतही असेच हिरवे पाव्हणे मिळतात. नंदुरबार-धुळ्याकडच्या काही डाइकमध्ये सापडलेले तुकडे मात्र जवळच्या गावचे, भूकवचातलेच. त्यांवर २००८ साली आलेल्या अभ्यासातून दिसलं की काळ्या पाषाणाखालचा पाया एकसारखा नाही, तऱ्हेतऱ्हेच्या खडकांची गोधडी आहे.

आता ज्वालामुखीचं. आत्याला आणि तिच्या गल्लीला भीती आहे ती टीव्हीवर दिसतो तसल्या ज्वालामुखीची. शंकूसारखा डोंगर, वर धूर, स्फोट. असले बहुतेक ज्वालामुखी समुद्राकाठी कमानीसारख्या रांगेत असतात. जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया. आपल्या देशात त्या रांगेतला एकच जागा आहे, अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून जास्त वर्षं झोपून ते १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं आणि त्यानंतर अधूनमधून धुमसत आलंय. या कमानींखाली समुद्राचा तळ तिरका होऊन शेजारच्या प्लेटखाली घुसत असतो. हे आपण शाळेत शिकलो. पण त्याने दगड वितळतो कसा? घुसणारा समुद्रतळ तर थंडगार असतो. थंड वस्तू खाली सारली की खालचं तापायला हवं की निवायला? मला हा प्रश्न शाळेत पडला नाही, आणि पडला असता तरी मी विचारला नसता.

याचं उत्तरही पाव्हण्यांनीच दिलं. कमानीतल्या ज्वालामुखींतून प्रावरणाचा दगड क्वचित मिळतो, कारण तिथला शिलारस भूकवचात मुक्काम करत येतो आणि जड सामान वाटेत टाकतो. तरी काही ठिकाणी सापडलाय. जपानमध्ये इचिनोमेगाता, रशियात कामचाट्काचा अवाचा, फिलिपिन्समध्ये बातान बेट आणि पिनाटुबो. या दगडांत दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे त्यांतून शिलारस आधीच पिळून निघालेला असतो, म्हणजे ते मूळ प्रावरणापेक्षा रोड झालेले असतात. दुसरी म्हणजे त्या रोड दगडात नंतर बाहेरून काहीतरी मुरलेलं असतं. पाणी धरून ठेवणारी अँफिबोल, क्वचित अभ्रकासारखी खनिजं नव्याने उगवलेली असतात आणि ऑलिव्हीन खाऊन नवं पायरॉक्सिन तयार झालेलं असतं. पिनाटुबोच्या दगडात तर सूक्ष्म बुडबुड्यांत कोंडलेलं खारं पाणी सापडलं. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते मोजलं तर मीठ सुमारे ५ टक्के. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे बुडणाऱ्या समुद्रतळाने खाली नेलेलं पाणी दाबाखाली पिळून निघतं, वरच्या प्रावरणात मुरतं आणि पाणी मिसळलं की दगड कमी तापमानाला वितळायला लागतो. त्या कमानींच्या खालचं शिलावरण पुन्हा पुन्हा पिळलेलं आणि पुन्हा पुन्हा भिजवलेलं असतं.

आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. तसला ज्वालामुखी पेटायला खाली बुडणारा समुद्र लागतो. लोहाऱ्याखाली समुद्र बुडत नाहीये. आपल्याकडे मार्चनंतर वर पाणी नसतं, तिथे खाली कुठून यायचं!

पण आपला सगळा काळा पाषाण ज्वालामुखीचाच ना? हो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो कमानीतला नव्हता, भेगांतून वाहिलेला लाव्हा होता, थरावर थर आडवा पसरत गेला. नळदुर्गाच्या बुरुजांखालचे कडे, धाराशिवची लेणी, तुळजापूरचा डोंगर, सगळा तोच. विहीर पाडताना आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा फत्तर, मध्येच एखादा तांबडा गेरूसारखा पट्टा, आणि खाली पुन्हा काळा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात उघडा पडून कुजलेला वरचा थर. म्हणजे ज्वालामुखीलाही विसावा होता. आमच्याकडे पोचलेल्या लाव्हाने वाटेत मुक्काम केलेला, त्यामुळे प्रावरणातले पाव्हणे त्याच्याबरोबर नाहीत.

मग आमच्या पायाखालचं कळलं कसं? बोअर पाडून. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी जी भोकं पाडली त्यांतलं एक ६१७ मीटर खोल गेलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा थर, म्हणजे लाव्हा यायच्या आधीची जमीन. आणि त्याखाली जुना पाया, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. आमच्या शेतातली शेवटची बोअर ८०० फुटांवर कोरडी गेली. अण्णांनी आणखी तीनशे फुटांचे पैसे घातले असते तर पाणी नाही, पण डायनोसॉरच्या काळातली माती तरी लागली असती.

या ६१७ मीटरच्या दगडी कांड्यांवर हैदराबादच्या नॅशनल जिओफिजिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी बरंच काम केलंय. त्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. एक, तो पाया नेहमीच्या ग्रॅनाइटचा निघाला नाही. तो भूकवचाच्या मधल्या थरात, कित्येक किलोमीटर खोल, मोठ्या दाबाखाली घडणारा खडक आहे. म्हणजे लाव्हा यायच्या आधीच आमच्या जमिनीचा वरचा जाड थर उचलला जाऊन झिजून गेला होता. दोन, त्या खडकात सापडलेल्या कार्बोनेटमधले कार्बन आणि ऑक्सिजन तपासल्यावर दिसलं की कधीकाळी प्रावरणातून वायू आणि द्रव तिथवर चढून आले होते. पाव्हणा दगड नाही आला, पण खालचा श्वास तेवढा वर पोचला आणि दगडात अडकून राहिला. जमिनीखाली काही किलोमीटरवर असे द्रव भरलेला कमजोर भाग असावा आणि भूकंपाशी त्याचा संबंध असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. तीन, आणि आत्यासाठी हीच मोठी, तिथल्या भोकांत उष्णता मोजली तर ती कमी निघाली. खालून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस मिलिवॅटच्या घरात. खंडांची जागतिक सरासरी पासष्टच्या आसपास आहे. खाली ज्वालामुखी शिजत असता तर चूल एवढी थंड राहिली नसती.

म्हणजे उत्तर मिळालं. खाली ज्वालामुखी नाही. खाली थंड, अतिप्राचीन, जागोजागी तडकलेला पाया आहे. त्यावर दाब साठतो, कारण अख्खा भारतच उत्तरेकडे ढकलला जातोय, आणि एखादी जुनी फट कधीतरी सरकते. ती उथळ सरकली तर छोट्या धक्क्याचाही मोठा आवाज येतो. १९९३ ला ६.२ चा धक्का अगदी उथळ बसला आणि दगड-मातीच्या रुंद भिंतींवर, पांढऱ्या मातीच्या जड माळवदांखाली जवळपास आठ हजार माणसं गेली.

आता माझं मत सांगतो, ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला.

आपण माणसं मेल्यावर खणतो. १९९३ च्या आधी भूकंपाच्या अधिकृत नकाशावर आमचा भाग पहिल्या विभागात होता, म्हणजे सगळ्यात सुरक्षित रंगात. खाली कुणी पाहिलंच नव्हतं. कोयनेलाही तेच. ११ डिसेंबर १९६७ ला तिथे भूकंप झाला आणि जमिनीत खोल बघायची बोअर आली २०१४ नंतर. प्रायोगिक भोक तीन किलोमीटरपर्यंत गेलं, कराडला त्यासाठी केंद्र उभं राहिलं, चांगलंच झालं. पण मधली सत्तेचाळीस वर्षं? किल्लारीचा रंग २००२ च्या सुधारित नकाशात बदलून तिसऱ्या विभागाचा झाला. नकाशा खडूने रंगवला नव्हता, आठ हजार चितांनी रंगवला, असं म्हटलं तर मला कुणी नाटकी म्हणेल. म्हणा.

यावर माझ्या एका मावसभावाने (तो हे वाचतोच) नेहमीचा मुद्दा काढला, "आधी खणून काय झालं असतं? भूकंप थांबला असता का?" नसता थांबला. कधी होणार हेही कळलं नसतं, आजही कळत नाही. मुद्दा बरोबर आहे आणि तो मी टाळत नाही. पण नकाशावरचा रंग वेगळा असता तर बांधकामाचा नियम वेगळा असता. आणि नियम कुणी पाळला नसता असं धरलं, तरी निदान एखाद्या गवंड्याने भिंतीत आडवी लाकडं घालायला, माळवदावरची दर वर्षीची नवी माती थोडी कमी करायला कुणीतरी सांगितलं असतं. शंभरातली पाच घरं उभी राहिली असती तरी ते कमी नव्हतं. त्या पाचांत कुणाचं घर असतं ते मी लिहीत नाही.

दुसरं मत मला जास्त टोचतं. खणल्यावर जे कळलं ते गावात परत आलंच नाही. ६१७ मीटर दगड निघाला आमच्या जमिनीतून, त्याच्यावर लिहिलं गेलं इंग्रजीत, परदेशी नियतकालिकांत. शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही, त्यांचं काम त्यांनी केलं, आणि फार चांगलं केलं. पण ते लोहाऱ्याच्या शाळेपर्यंत आणायचं काम कुणाचंच नव्हतं. ती रिकामी जागा मोबाईलवरच्या ज्वालामुखीने भरली. भीतीला काहीतरी चित्र लागतं. आपण खरं चित्र दिलं नाही, म्हणून लोकांनी टीव्हीवरचं घेतलं. त्यांना अडाणी म्हणणं फार सोपं आहे. ज्यांच्या पायाखालची जमीन एकदा खरोखर हलली त्यांनी खाली काय आहे असं विचारणं, यापेक्षा शहाणा प्रश्न मला तरी माहीत नाही.

फार काही लागणार नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवशी तिथे त्या बोअरमधल्या दगडाच्या चार कांड्या मांडा. काळा पाषाण, आठ मीटरचा गाळ, जुना पाया. शेजारी मुरूडचा एक हिरवा पाव्हणा, आणि जमलं तर कमानीतल्या ज्वालामुखीचा एक, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. पोरांना हात लावू द्या. खाली मराठीत दोन-दोन ओळी. प्रत्येक शाळेला जवळची एखादी विहीर असतेच, तिच्या कडेला उभं राहून थर दाखवायला मास्तरला काही खर्च नाही. पाचवीतल्या पोराने घरी जाऊन "आजी, खाली ज्वालामुखी न्हाई, जुनी फट हाय" असं सांगितलं तर ते सरकारी पत्रकापेक्षा जास्त पटेल.

कारण भीती कशाची आहे यावर माणूस काय करतो ते ठरतं. ज्वालामुखीची भीती असेल तर काहीच करता येत नाही, नुसतं अंगणात बसून राहायचं नाहीतर गाव सोडायचं. भिंतीची भीती असेल तर भिंत बघता येते. काल हे लिहिताना मला आत्याची शेड डोळ्यासमोर आली आणि माझ्याच पोटात गोळा आला. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर धोंडे ठेवलेत. आमच्याकडे सगळेच ठेवतात. काळ्या पाषाणाचे, दोन्ही हातांनी उचलावे लागतील असे आठ-दहा. बरोबर तिच्या खाटेच्या वर. तीस वर्षं ती खालच्या आगीला घाबरून त्या दगडांखाली झोपतेय. मी दर दिवाळीला त्या शेडमध्ये जेवलोय आणि मला ते एकदाही दिसलं नाही. मित्राबरोबर मुरूडला जाऊन लिंबाएवढी गाठ मात्र दिसली!

संध्याकाळी तिला फोन केला. मुरूडच्या दगडाचा फोटो आधीच पाठवला होता. म्हणाली, "मुगाची डाळ भिजवून थापल्यावानी दिसतंय." मग मी वरचं सगळं तिला सांगितलं, अर्थात दहा मिनिटांत. खारं पाणी, समुद्राचा तळ, थंड पाया. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी विचारलं, "म्हंजे आग न्हाई खाली?"

"नाही आत्या."

"पण हलंल."

"हलू शकतं. कधी ते कुणालाच सांगता येत नाही."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तेवढं खरं बोललास, बरं झालं. आजवर सगळे एकतर काई न्हाई होत म्हणायचे, न्हाईतर सगळं जातंय म्हणायचे."

मग मी धोंड्यांचं काढलं. पत्र्याला जे-हूक आणि नट-बोल्ट मारून देतो, दगडांची गरजच राहणार नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, वारा लई असतो. म्हटलं, हुक वाऱ्यालाही पुरतात. "बघू," म्हणाली. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ हो असतो, फक्त माणूस स्वतः येऊन उभा राहावा लागतो.

तर या शनिवारी जातोय. पुण्याहून सोलापूर, तिथून उमरगा आणि मग लोहाऱ्याकडे. हूक, वायसर, पाना सगळं पिशवीत भरलंय. मावसभावालाही बरोबर घेतोय, त्याचे मुद्दे त्याने पत्र्यावर चढून मांडावेत. उतरवलेल्या धोंड्यांतला एक मात्र मी घेऊन येणार आहे, टेबलावर ठेवायला.

असो. तुमच्याकडे कुणाच्या गावात विहिरीत असे थर दिसतात का, किंवा पत्र्यावर असेच दगड आहेत का, ते नक्की कळवा. आणि असतील तर आधी ते उतरवा, मग कळवा.